चिमटेभाऊंचं वाचायचं बोट

छापखान्यात त्यांना सगळे चिमटेभाऊ म्हणत, आणि ते नाव त्यांनी कमावलेलं होतं. छापखाना अंधांच्या पुस्तकांचा. जाड कागदावर ब्रेलचे ठिपके उठवायचे आणि छपाईच्या आधी त्यातली चूक शोधून काढायची. हे शोधायचं काम चिमटेभाऊंचं. लहानपणीच दृष्टी गेलेली, पण उजव्या हाताची तर्जनी अशी तयार, की कागदावरून फिरली की रुतलेला काटा काढावा तशी चूक वर यायची. त्यात तोंड फटकळ. "हे टाइप करताना झोपला होतास की जेवत होतास?" असं टायपिंगवाल्याला सगळ्यांदेखत विचारायचे. टायपिंगवाला समोर हसायचा आणि मागे शिव्या घालायचा. साहजिकच आहे, चुका काढणारा माणूस कुणाला आवडतो?

हे काम एकट्याचं नसतं बरं का. समोर एक डोळस माणूस लागतो, हातात मूळ मजकूर घेऊन बसणारा. चिमटेभाऊंच्या समोर कित्येक वर्षं एकच बाई बसत. आवाज खणखणीत, आणि काम नसलं तरी बोलणं चालू, म्हणून त्या रेडिओबाई. कामाची रीत ठरलेली: आधी बोट, मग डोळा. चिमटेभाऊ ठिपक्यांवरून बोट फिरवत मोठ्यानं वाचणार, रेडिओबाई गुपचूप मूळ मजकुरावर नजर ठेवणार, आणि जिथं जुळत नाही तिथं टेबलावर पेन्सिल आपटणार. उलटं करायचं नाही. कानावर शब्द आधी पडला की बोट आळशी होतं. जे ऐकलं तेच हाताला लागतंय असं वाटायला लागतं. नव्या माणसांना चिमटेभाऊ हे दम देऊन सांगत. तेव्हा त्यांना हे माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

हाताचं दुखणं सुरू झालं ते अगदी फालतू म्हणून. बोटांच्या कडेला मोहरीएवढे फोड, आणि खाज अशी की टेबलाच्या कडेवर हात घासत बसावं. "उष्णता झालीय," बायको म्हणाली. फोड गेले, पण मागे कातडी कोरडी पडली, सालपटं निघायला लागली, आणि एक दिवस तर्जनीच्या शेंड्यालाच चीर पडली. ती भरते न भरते तोच शेजारी दुसरी. शर्टाचं बटण लावताना, कुलपात किल्ली फिरवताना जीव कळवळायचा. मग दोन्ही हातांचे तळवे जाड झाले, जुन्या चपलेसारखे, आणि घड्यांवर फाटले.

त्यात चिमटेभाऊंना धुण्याचं वेड. अंधशाळेतल्या बाईंनी पट्टी मारमारून शिकवलेलं, की हात धुतल्याशिवाय पुस्तकाला बोट लावायचं नाही. ती सवय हाडात गेलेली. कागदांचा नवा गठ्ठा आला की उठायचं, साबणानं खसाखसा हात धुवायचे, मग बसायचं. चिरा पडल्यावर त्यांना वाटलं, घाण जातेय आत. म्हणून जास्त धुवायला लागले, आणि तेही गरम पाण्यानं. गरम पाण्याखाली हात धरला की खाज अशी थांबायची की काय विचारता! आणि थोड्या वेळानं दुपटीनं परत यायची. कँटीनमधल्या एकानं एकदा आपला कप हळूच बाजूला सरकवला आणि विचारलं, "लागण होते का हो याची?"

"होत असती तर पहिली तुलाच दिली असती," चिमटेभाऊ म्हणाले. सगळे हसले. पण तो कप सरकल्याचा आवाज त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्या दिवसापासून ते हात टेबलाखाली ठेवून बसायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

बायकोनं शेवटी ओढून डॉक्टरकडे नेलं. बायकोही अंधच, त्याच शाळेतली. एका मोठ्या कचेरीत टेलिफोनवर बसायची. तिचा आवाज गोड आणि स्वभाव खमक्या. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी चिमटेभाऊंचे हात आपल्या हातात घेतले, हातमोजे न घालता, आणि बराच वेळ सोडले नाहीत.

"हा एक्झिमा आहे, आणि चांगलाच मुरलाय," त्या म्हणाल्या. "लागण होत नाही याची. पण दोन दिवसांत जाणाराही नाही. हा सांभाळत राहायचा रोग आहे. आधी साबण बंद."

"साबण बंद? मी वाचतो हातांनी."

"म्हणूनच बंद. कातडीचं स्वतःचं तेल तुम्ही रोज खरवडून काढताय. साध्या पाण्यानं धुवायचं, टिपायचं, आणि लगेच हे चिकट मलम जाड थापायचं. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. रात्री वर सुती हातमोजे. हे दुसरं मलम जोरदार आहे, ते मी सांगीन तितकेच दिवस. आणि या बोटाला सुट्टी द्या. महिना, दोन महिने. तेवढ्यानं नाही भागलं तर प्रकाशाचे उपचार आहेत, गोळ्या आहेत. वाट बंद झालेली नाही. पण आधी तुमच्या साहेबांना सांगा."

"सांगतो," चिमटेभाऊ म्हणाले.

कसलं सांगतात! बोटाला दोन महिने सुट्टी म्हणजे तपासनीसाला दोन महिने सुट्टी. ते परत येईपर्यंत खुर्चीवर दुसरा कुणी बसलेला असणार. दुसऱ्या बोटानं वाचून बघितलं, तर मधलं बोट शाळेत नुकत्याच घातलेल्या पोरासारखं अडखळायला लागलं. मलम लावून बघितलं, तर ठिपके बोटाखालून निसटायला लागले आणि कागदावर तेलाचे डाग पडले. मग मलम फक्त घरी, तेही आठवण झाली तर. जोरदार मलम मात्र औषधाच्या दुकानातून परस्पर आणून, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस कधीच मागे टाकून, चोळत राहिले. त्यानं चार दिवस बरं वाटायचं, मग कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ होऊन आणखी फाटायची. आणि बांधणीखात्यात एक पटकन वाळणारा डिंक असतो, बाटलीतून थेंब सोडायचा. चिमटेभाऊ तो चिरेत सोडायला लागले. चीर क्षणात चिकटायची, रक्त थांबायचं. वर मात्र नखासारखा टणक पापुद्रा. त्या पापुद्र्याखाली ठिपका आला काय आणि गेला काय, सारखंच.

माणूस शहाणा असला की त्याचा मूर्खपणाही मोठा असतो बघा.

एका सकाळी ते रेडिओबाईंना म्हणाले, "बाई, आज तुम्ही पुढे व्हा. माझा घसा बसलाय. तुम्ही वाचा, मी मागून बोट फिरवतो."

बाईंना काय, बोलायला मिळालं. त्यांनी वाचलं, चिमटेभाऊंनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बोटाला दुखण्यापलीकडे काही कळत नव्हतं, पण बाईंचा आवाज कानात होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना सगळं लागतंय असंच वाटत होतं. तो घसा बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशीही बाई पुढे, तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं. एकदा बाईंनी विचारलं, "भाऊ, ही उलटी गंगा चालेल का हो?" तर चिमटेभाऊ खेकसले, "इतकी वर्षं मी काय गवत उपटलं? मजकूर तोंडपाठ असतो मला." बाई गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या, ही गोष्ट छापखान्यात कुणाच्या लक्षात यायला हवी होती.

काम भराभर उरकायला लागलं. चुका निघेनाशा झाल्या. साहेब खूश! त्यांनी टायपिंगवाल्याच्या पाठीवर थाप मारली, "आता कसा हात बसलाय तुझा." टायपिंगवाल्यालाही ते खरं वाटलं आणि तो आणखी सैल झाला. चिमटेभाऊ ऐकत होते. उद्या सांगू, परवा सांगू. बोट जरा बरं झालं की पुन्हा आधीसारखं वाचू, मग सांगायची गरजच काय? रोज हा विचार करत ते जिना उतरायचे, आणि घरी जाऊन बायकोच्या शेजारी पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. पानंही उलटायचे. बायकोला आवाज यावा म्हणून.

त्याच सुमाराला बायकोला साखर निघाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. स्वतःचं स्वतः टोचायचं. रुग्णालयातल्या नर्सनं पेनासारखी ती सुई हातात देऊन, डोसचा आकडा कसा टक्-टक् मोजायचा ते घाईघाईत दाखवलं आणि म्हणाली, "बाकीचं सगळं तुमच्या लिपीतल्या पुस्तकात येतंय. छापायला दिलंय."

ते पुस्तक चिमटेभाऊंच्याच टेबलावर आलेलं होतं. बायकोला केवढा आनंद! "तुमच्या बोटाखालून जाणार ना? मग मला काळजी नाही. त्या नर्सचं काही मला समजलं नाही, पण पुस्तक तरी धड असेल."

"असेल म्हणजे? आहेच," चिमटेभाऊ म्हणाले.

ते पुस्तक त्यांना खरंच नीट वाचायचं होतं हो. दुसरं कुठलं नाही तरी हे. त्या दिवशी त्यांनी रेडिओबाईंना सांगितलं, "आज मी पुढे." पहिल्या दोन ओळी कशाबशा वाचल्या. तिसऱ्या ओळीवर चीर उकलली, कागद ओला झाला. बाई ओरडल्या, "अहो, रक्त!" चिमटेभाऊंनी रुमाल गुंडाळला, डिंकाचा थेंब सोडला, फुंकर मारली, आणि म्हणाले, "वाचा तुम्ही." बाईंनी शेवटपर्यंत वाचलं. एकही चूक निघाली नाही. चिमटेभाऊंनी होकार दिला, यंत्र सुरू झालं. शुक्रवारी पुस्तकं रवाना झाली, काही रुग्णालयात, काही थेट लोकांच्या घरी. एक प्रत चिमटेभाऊंनी बायकोला त्याच्या आधीच नेऊन दिली होती, छपाईतून पहिली बाहेर आलेली.

तिनं तीनदा वाचलं आणि इंजेक्शन सुरू केलं. चिमटेभाऊ सकाळी लवकर कामावर जायचे. ती उठायची, सुई टोचून घ्यायची, मग केर, आंघोळ, कपडे, आणि मग सावकाश नाश्ता. संध्याकाळी म्हणायची, "सकाळी जरा गरगरलं." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हातातून कप पडला हो. फुटला." चिमटेभाऊ म्हणाले, "नवीन औषध आहे. सवय होईल." त्यांच्या मनात दुसरंच चाललेलं होतं. तर्जनी सुजून ठणकायला लागली होती आणि चिरेतून चिकट पाणी येत होतं. डॉक्टरीणबाईंकडे जायला हवं होतं, पण मग त्या विचारणार, साहेबांना सांगितलंत का?

रविवार उजाडला. चिमटेभाऊ घरीच. बायको मोरीत कपडे घासत होती. मधेच घासण्याचा आवाज थांबला. बादली लवंडली. पाणी सगळीकडे.

"काय झालं?"

"काही नाही झालं! तुम्हाला काय करायचंय?" ती इतक्या तिखट आवाजात कधी बोलत नसे. आवाज जड आणि बोबडा येत होता. चिमटेभाऊ भिंत धरून तिथपर्यंत गेले. तिच्या मानेला हात लावला तर घामानं निथळत होती, आणि अंग गार. थरथर एवढी की तिच्या बांगड्या वाजत होत्या.

"अगं, इंजेक्शन घेतलंस?"

"मघाशीच."

"आणि खाल्लंस काय?"

"कपडे झाले की खाते ना."

चिमटेभाऊंनी स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला, साखर मुठीनंच पाण्यात टाकली, बोटांनीच ढवळली आणि पेला तिच्या ओठाला लावला. "पी. आधी पी. मग भांड." तिनं पेला ढकलला, त्यांनी पुन्हा लावला. अर्धं पाणी अंगावर गेलं, अर्धं पोटात गेलं. मग त्यांनी आणखी एक पेला केला. जमिनीवर ओल्यात बसून ते तिची थरथर कमी होईपर्यंत तिला धरून राहिले. ती शुद्धीत आहे ना, हे कळावं म्हणून तिला सारखं बोलतं ठेवत होते. बऱ्याच वेळानं तिचा आवाज तिचा झाला. तिनं दोन पाव खाल्ले आणि भिंतीला टेकून बसली.

आणि मग चिमटेभाऊ रागावले. भीती सरली की माणूस रागावतोच. "तीनदा वाचलंस म्हणे! स्पष्ट लिहिलंय, इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायचं. हात थरथरले, घाम सुटला तर ताबडतोब साखर खायची. डोकं कुठं होतं तुझं?"

"असं कुठंही लिहिलेलं नाही," बायको म्हणाली.

"आहे! सुईच्या पानावर आहे!"

"नाहीये. थांबा, आणते."

ते उठू नको म्हणत असतानाही ती उठली, पुस्तक आणलं, पान काढलं आणि दोघांच्या मधे जमिनीवर ठेवलं. "दाखवा. वाचा."

चिमटेभाऊंनी तर्जनी टेकवली. डिंकाचा पापुद्रा, खाली सूज, आणि त्याखाली काय होतं ते देव जाणे. ते वाचायला लागले. एकदम सुरळीत, न अडखळता: "इंजेक्शन घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत जेवण किंवा नाश्ता करावा. हात थरथरल्यास, घाम सुटल्यास ताबडतोब साखर खावी." रेडिओबाईंचा खणखणीत आवाज त्यांच्या कानात होता तसाच्या तसा.

बायकोनं आपलं बोट त्यांच्या बोटाच्या शेजारी आणलं. ती ओळ वाचली, मग वरची, मग खालची.

"बघ. आहे की नाही?"

"तुमचं बोट ज्या ओळीवर आहे ना," ती अगदी हळू म्हणाली, "तिथं लिहिलंय, 'इंजेक्शन घेतल्यावर सुई झाकण लावून टाकून द्यावी.' पुढच्या ओळीत सुया कुठं ठेवायच्या ते आहे. वरच्या ओळीत पोटाची जागा बदलायची ते आहे. तुम्ही वाचलंत ते या पानावर नाही. मागे नाही, पुढे नाही." तिनं बोट उचललं. "तुम्ही मला काय वाचून दाखवलंत?"

मूळ मजकुरात दोन परिच्छेद सारख्याच शब्दांनी सुरू होत होते. टायपिंगवाल्याची नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडाली होती. रोजची चूक. पूर्वीच्या चिमटेभाऊंनी अशा शेकड्यानं पकडल्या होत्या.

"मला लागत नाही," चिमटेभाऊ म्हणाले. "ठिपके लागत नाहीत मला. कधीपासूनच. बाई वाचतात, मी नुसतं बोट फिरवतो." आणि ते रडायला लागले, लहान मुलासारखे, हुंदके देऊन. बायकोनं त्यांचा हात शोधला. ती रोज तो हात धरत होती, तिला त्याची प्रत्येक भेग माहीत होती. तिला वाटायचं, फक्त दुखतंय.

"रडायला पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली. "आधी फोन करा."

साहेब रविवारी फोन आला म्हणून वैतागले. सगळं ऐकून म्हणाले, "टायपिंगवाल्याची चूक आहे ही. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? उद्या चिकटवायला एक पट्टी छापू."

"उद्या नाही. उद्या सकाळी लोक पुन्हा टोचून घेतील." चिमटेभाऊंचा आवाज फाटला. "आणि टायपिंगवाल्याची नाही. माझी. मी न वाचता होकार दिला. मी वाचूच शकत नाही साहेब."

साहेब म्हणाले, "छापखान्यात या. पुस्तकं गेली त्यांचे पत्ते आणि फोन नंबर तिथं आहेत. नंबर वाचायला मी बाईंना बोलावतो."

बायको चप्पल घालत होती. "तू कुठं निघालीस? बस घरी," चिमटेभाऊ म्हणाले.

"फोन करणं हे माझं काम आहे," ती म्हणाली. "तुमच्यापेक्षा मला जास्त येतं."

दोघं रस्त्यानं निघाले, ती पुढे, तिच्या खांद्यावर त्यांचा डावा हात. काठीचा टक्-टक् आवाज, अधूनमधून एखादं वाहन. चिमटेभाऊंना वाटलं, वाईटातलं वाईट होऊन गेलं, आता काय ते निस्तरायचं. कोपऱ्यावर ती थांबली.

"अहो, हे पुस्तक झालं," ती म्हणाली. "याच्या आधीची?"

"आधीची म्हणजे?"

"घसा बसला म्हणून सांगितलंत, त्या दिवसापासून याच्यापर्यंत. ती कुठली कुठली पुस्तकं होती?"

चिमटेभाऊंनी आठवायला सुरुवात केली. शाळेची विज्ञानाची होती. बाळंतपणाची काळजी होती. घरातली वीज आणि गॅस, ते होतं. औषधाच्या बाटल्यांवर चिकटवायच्या पट्ट्या होत्या, गठ्ठेच्या गठ्ठे. ती सगळी आत्ता, या क्षणी, कुणाच्या ना कुणाच्या बोटाखाली होती, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवून वाचली जात होती.

"सांगा ना," बायको म्हणाली. "कुठली?"

"सगळी," चिमटेभाऊ म्हणाले.